पोवळ्याचा रंग

पोवळें म्हटलें म्हणजे आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढें अंगठींतला तांबडा खडा उभा राहतो. नवरत्नांत त्याची गणना होते, मंगळाच्या पीडेवर तें धारण करावें असें ज्योतिषी सांगतात. परंतु तें एके काळीं जिवंत होतें हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या बारा वर्षांच्या पुतण्यानें परवां ‘माइनक्राफ्ट’ या संगणकावरील खेळांत समुद्राच्या तळाशीं ठोकळ्यांनीं बांधलेला आपला वाडा आम्हांस दाखविला. त्याच्या भिंतींवर पोवळ्यांची नक्षी होती. तशीच एक रांग वरच्या कोरड्या सज्जावर लावावी असें आम्ही सुचवितांच तो म्हणाला, “तिथें नको काका, मरेल तें!” जें ज्ञान या मुलास खेळतां खेळतां झालें, तें युरोपांतील पंडितांच्या पदरीं पडावयास सुमारें दोन हजार वर्षें लागलीं.

प्राचीनांस पोवळें हें वनस्पति व पाषाण यांच्या सीमेवरचें कांहीं तरी वाटे. पर्सियसानें मेडूसेचें छिन्न मस्तक समुद्रकांठच्या पाल्यावर ठेविलें, तेव्हां तो पाला दगड झाला व तेंच पोवळें, अशी कथा ऑव्हिड या रोमन कवीनें दिली आहे. रोमन लोक जितकें मोल मोत्यांस देतात तितकेंच हिंदी लोक पोवळ्यास देतात, असें प्लिनीनें पहिल्या शतकांत लिहून ठेविलें. या भ्रमास एक कारणही होतें. दागिन्यांतील तांबड्या पोवळ्याचा सांगाडाच रंगीत असतो. त्यामुळें प्राणी गेला तरी रंग मागें उरतो, आणि रत्न पाहणारास त्याच्या मरणाची वार्ताही लागत नाहीं.

इ. स. १७०६ मध्यें मार्सिल्यी या इटालियन सरदारानें ताजें पोवळें समुद्राच्या पाण्यांत ठेवून पाहिलें, तों त्यावर पांढरीं ‘फुलें’ उमललेलीं दिसलीं. अर्थात् पोवळें ही वनस्पति ठरली. पुढें मार्सेयच्या पेसोनेल नांवाच्या वैद्यानें तींच फुलें पाहिलीं, तीं स्पर्शानें आंखडतात हें ताडलें, व फुलें म्हणतात ते वस्तुतः जीव आहेत असें पॅरिसच्या विद्यापरिषदेस कळविलें. रेओम्यूर हा तेथील मोठा शास्त्रज्ञ. त्यास हें मत इतकें विचित्र वाटलें कीं, १७२७ मध्यें त्यानें तें वाचून दाखवितांना पेसोनेलची अब्रू राखण्यासाठीं त्याचें नांवच गाळलें! पुढें ट्रेंबले यानें गोड्या पाण्यांतील हायड्रा या जीवाचा शोध लाविल्यावर वारें फिरलें, आणि १७४२ मध्यें रेओम्यूरनें आपली चूक पदरांत घेतली. मोठ्या विद्वानाची खरी परीक्षा अशाच प्रसंगीं होते.

आतां खेळाकडे वळूं. जुलै २०१८ मधील आवृत्तीनें या खेळांत निळीं, गुलाबी, जांभळीं, तांबडीं व पिंवळीं अशीं पांच जातींचीं पोवळीं आलीं. त्यांचा नियम कडक आहे. ठोकळ्याच्या सहा बाजूंपैकीं एका तरी बाजूस पाणी लागून असावें लागतें. नाहीं तर कांहीं क्षणांत तो करडा पडतो, व पुन्हा पाण्यांत ठेविला तरी जिवंत होत नाहीं. ‘सिल्क टच’ नांवाचा मंत्र चढविलेली कुदळ नसेल, तर खणणाराच्या हातीं मेलेला ठोकळाच येतो. म्हणून कोरड्या दालनास रंगीत भिंत हवी असल्यास चतुर कारागीर भिंतीमागें पाणी लपवितो. पेसोनेलचा सिद्धांत येथें बांधकामाचा नियम झाला आहे.

खऱ्या समुद्रांतही याला जोड आहे. खडक रचणाऱ्या पोवळ्यांचा पुष्कळसा रंग त्यांच्या अंगांत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. पाणी फाजील तापलें कीं हें शैवाल निघून जातें व खालचा पांढरा सांगाडा दिसूं लागतो. ऑस्ट्रेलियाच्या ‘ग्रेट बॅरियर रीफ’वर २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें हा अनर्थ झाला. त्यानंतरच्याच वर्षीं खेळाच्या चालकांनीं खेळाडूंपुढें एक पण मांडला: सर्वांनीं मिळून पाण्याखालीं पोवळ्याचे एक कोटी ठोकळे लावल्यास ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेस एक लाख डॉलर मिळतील. पण पुरा झाला. शिवाय मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाजवळ, सौम्य विद्युत्प्रवाहानें ज्यांवर समुद्रांतील क्षार बसतात असे पोलादी सांगाडे खेळाडूंच्या कल्पनेप्रमाणें घडवून पोवळ्यांस आधार देण्याची योजना झाली.

एक लाख डॉलरांनीं समुद्र थंड होत नाहीं, हें आम्ही जाणतों. खेळांतील मेलेला ठोकळा पुन्हा उठत नाहीं, पण लगेच दुसरा आणतां येतो. समुद्रांत याच्या उलट आहे: ऊन वेळेवर ओसरलें तर फिकें पडलेलें पोवळें पुन्हा रंगतें, मात्र एकदां मेलें तर त्याच्या जागीं दुसरें उभें राहण्यास वर्षांमागून वर्षें जावीं लागतात. पुतण्यास आम्ही एवढेंच सांगितलें. त्यानें क्षणभर विचार केला, आणि भिंतीमागचें पाणी कोठें गळत तर नाहीं ना, हें तो पुन्हा एकदां पाहूं लागला.