शीव आणि शिलंगण : शरदातील वनविहाराचा शब्देतिहास

आश्विन-कार्तिकात घराबाहेर पडून रानात काही काळ घालविण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. तिचा इतिहास शोधताना दप्तरांइतकीच शब्दांचीही साक्ष घ्यावी लागते. चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले, गोदावरीच्या दक्षिण तीरावरील पुणतांबे आणि त्याचा परिसर दृष्टीसमोर ठेवून ही साक्ष तपासण्याचा येथे विचार आहे.

प्रथम 'शिलंगण' हा शब्द घेऊ. संस्कृत 'सीमा' हिचे मराठी रूप 'शीव'. इकारापूर्वीच्या सकाराचा शकार आणि दोन स्वरांमधील मकाराचा वकार होणे, हे मराठीच्या प्रकृतीस धरूनच आहे. 'सीमोल्लंघन' लोकांच्या तोंडी झिजून 'शिलंगण' झाले. पोथीतला शब्द इतका झिजत नाही. तेव्हा विजयादशमीस शीव ओलांडून शमी-आपट्याच्या पूजेस जाणे हा साऱ्या गावाचा आचार होता, असे मानावयास हरकत नाही. पावसाळा सरून नद्या उतरल्या की मराठ्यांच्या फौजा याच सुमारास मोहिमेवर निघत. १८१८ नंतर त्या मोहिमा संपल्या. शिलंगण मात्र उरले.

'आवळीभोजन' हा शब्द अर्धाच झिजलेला आहे. 'आमलकी'ची 'आवळी' झाली, 'भोजन' तत्सम राहिले. कार्तिक शुद्ध पक्षात आवळीखाली पंगत बसते. दोन्ही आचारांना वृक्ष लागतो, आणि तो गावाच्या आवाक्यातला असावा लागतो. आज रूढ असलेला 'सहल' हा शब्द असा कोणत्याही वृक्षाशी बांधलेला नाही.

'अभयारण्य' हा आजच्या अर्थाने अगदी अलीकडचा शब्द. गोदावरीच्या वरच्या अंगास, निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला. त्याच्या उजव्या कालव्याने कोपरगाव-राहाता भागास पाणी दिले. बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळाने पाणथळ निर्माण होऊन तेथे पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले व २०२० मध्ये रामसर यादीत गेले. शरद सरता सरता तेथे स्थलांतरित पक्षी उतरू लागतात आणि त्यांच्यामागोमाग प्रेक्षकही येतात. म्हणजे खालच्या भागातील ऊस आणि वरचे पक्षिवैभव ही एकाच बंधाऱ्याची अपत्ये होत.

येथे एक ऐतिहासिक पालट लक्षात घ्यावयास हवा. पूर्वी शीव गावाभोवती होती आणि ती ओलांडली की रान लागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शीव रानाभोवती आखली गेली. आता तिच्या आत जावयाचे ते नियमाने आणि अनुज्ञेने. हे आवश्यकच होते. परंतु गावच्या शिवेवरचा आपटा कोणत्याही अभयारण्यात मोडत नाही, आणि दर दसऱ्यास 'सोन्या'साठी त्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. तो वृक्ष गेल्यास 'शिलंगण' कोशात राहील. पण शीव ओलांडून जावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर कोश देऊ शकणार नाही.