मडगावचा दामोदर, जांबावलीचा गुलाल

नगराचा वारसा म्हटला, की आपली दृष्टी प्रथम भिंतींकडे आणि शिलालेखांकडे वळते. मडगावच्या बाबतीत ती वाट फारशी उपयोगी पडत नाही. १५४३ मध्ये साष्टी प्रांत पोर्तुगीजांच्या हाती गेला, पुढील पंचवीस वर्षांत तेथील देवळांचा विध्वंस झाला, आणि दामोदराच्या जागी चर्च उभे राहिले. मडगावकरांनी आपला देव कुशावतीकाठी, तेव्हा आदिलशाही अमलात असलेल्या जांबावलीस नेला.

ही कथा वाचकांस नवी नाही. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. परंतु देव हलविणे हे काही रात्रींचे काम. दूर गेलेल्या देवाशी गावाचे नाते राखणे हे चार शतकांचे. त्या दुसऱ्या कामाविषयी आपण फार कमी लिहितो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जांबावलीही पोर्तुगीजांकडे गेली. पण तोवर काळ पालटला होता, आणि नव्या काबिजादींतील प्रजेच्या धर्माचारांत हात न घालण्याचे धोरण राज्यकर्त्यांस पत्करावे लागले. १८८६ मध्ये देवालयांच्या महाजनीसाठी रीतसर नियमावली निघाली. १९३३ मध्ये ती नव्याने रचली गेली. पेशामुळे मला या रुक्ष कागदांचे कौतुक अंमळ अधिक असेल. तथापि कातालोग म्हणजे महाजनांचे नोंदपुस्तक, वार्षिक अंदाजपत्रक आणि निवडलेली समिती यांमुळेच देवस्थान कोणा एका घराण्याची मिळकत न होता समाईक राहिले. त्यातील सरकारी देखरेख नेहमीच निरुपद्रवी होती, असे मात्र मी म्हणणार नाही.

नियमावलीत गुलाल नाही. तो मडगावकरांनी स्वतः राखला. फाल्गुनात ते शिगम्यासाठी जांबावलीस जातात, अग्रशाळांत उतरतात, रात्री मराठी नाटके करतात, आणि गुलालाच्या दिवशी सारे अंगण तांबडे होते. दामोदरास मानणाऱ्यांत ख्रिस्ती भाविकही आहेत, हे विसरता येत नाही. देऊळ पाडून जे तुटावयाचे होते, ते तुटले नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. गोव्यातील बहुतेक देवस्थानांत महाजनकी जुन्या नियमाप्रमाणे पुरुषवंशानेच चालत आली. उत्सवाचा निम्मा भार वाहणाऱ्या लेकीसुनांना देवापुढे मान आहे, सभेत मत नाही. हा प्रश्न महाजनांनी आपण होऊन सभेपुढे घ्यावा. तो न्यायालयात नेण्याची पाळी येऊ नये, असे वकील असूनही मला वाटते.