जिवाचे मोल

१८०८ सालचा इंग्लंडातील एक निवाडा मला नेहमी अस्वस्थ करतो. प्रवासी घोडागाडी – त्या काळची एस. टी.च म्हणा ना! – उलटली आणि एका गृहस्थाची पत्नी महिन्याभराने वारली. न्यायमूर्ती एलेनबरो म्हणाले, मृत्यूबद्दल भरपाई मागता येत नाही! म्हणजे उतारू जखमी झाला तर पैसे. मेला तर काही नाही.

तिकडे १८४६ साली आणि आपल्याकडे १८५५ साली कायद्याने हा अन्याय दूर केला. तरी चालकाची चूक शाबीत करण्याचे ओझे विधवेच्याच माथी राहिले. १९८२ च्या दुरुस्तीने मोटार-अपघातात चूक शाबीत न करताही मृताच्या वारसांना १५,००० रुपये देऊ केले. गेलेला जीव परतत नाही. पण मागची चूल विझू नये, एवढे कायद्याला उमगायला पावणेदोनशे वर्षे लागली!