क्लारा बहिरी नव्हती

१८२४ साली लाइप्झिग शहरात पाच वर्षांच्या एका मुलीला ऐकू येत नाही, असा समज होता. चौथे वर्ष सरेपर्यंत तिने एकही शब्द उच्चारला नव्हता. कोणी काही सांगितले तरी तिचे लक्ष नसे. पियानोचे स्वर मात्र तिचा कान अचूक टिपत असे.

ही क्लारा वीक. संगीताच्या इतिहासात ती क्लारा शूमन म्हणून ओळखली जाते.

हा तपशील तिच्या बालपणीच्या रोजनिशीतून कळतो, पण ती लिहिली आहे वडिलांनी, फ्रीडरिश वीक यांनी, आणि तीही मुलीच्या तोंडी 'मी' घालून! त्यांनी दोष ठेवला तो मितभाषी दासीवर. ती बोलत नसे, म्हणून मूल बोलले नाही, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच घरात आईवडिलांचा संसार मोडत होता आणि १८२४ मध्ये आई घर सोडून गेली, याचे ओझे वडिलांनी अर्थातच स्वतःच्या माथी घेतले नाही. मुळात भाषा उशिरा का येते, याचे एकच कारण शोधण्याचा हट्टच संशयास्पद आहे. पण दोष देण्यासाठी कोणीतरी लागतेच, आणि तो बहुधा घरातील बाईच्या वाट्याला येतो.

विशेष म्हणजे जर्मनीतील पहिली मूकबधिर शाळा सॅम्युएल हाइनिके यांनी १७७८ मध्ये याच लाइप्झिगमध्ये काढली होती. म्हणजे बहिऱ्या मुलांना शिकवणारे शहरात होते; परंतु मूल बहिरे आहे की केवळ उशिरा बोलणारे, हे ठरवणारे श्रवणमापनाचे यंत्र यायला अजून अनेक दशके लोटायची होती. तोवर आधार केवळ निरीक्षणाचा.

वडिलांनी तिला आधी नोटेशन न दाखवता कानाने शिकवले. शब्द हळूहळू आले, संशय मात्र पुढेही काही वर्षे टिकला. २० ऑक्टोबर १८२८ रोजी, नववे वर्ष पूर्ण झाल्यानंतर महिन्याहून थोड्या अधिक काळाने, ती गेवांडहाउसच्या रंगमंचावर बसली.

अशा कथांचा एक धोका आहे. 'आइन्स्टाइनही उशिरा बोलला' हे वाक्य आपल्याकडेही काळजीत पडलेल्या आईला ऐकवले जाते. आइन्स्टाइनच्या आईवडिलांनी मात्र तेव्हा डॉक्टर गाठला होता, हे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. ते कोणी सांगत नाही.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांचा मुलगाही उशिरा बोलू लागला होता. १९९३ मध्ये त्यांनी अशा कुटुंबांचा परस्पर-आधारगट उभारला आणि त्यांच्या अनुभवांवर १९९७ मध्ये पुस्तक लिहिले. गटातील अनेक घरांत अभियंते आणि संगीतकार आढळले. तरीही उशिरा बोलणारे प्रत्येक मूल असेच असते, असे सोवेल यांनी म्हटले नाही. गटात आलेली कुटुंबे आपणहून आली होती, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांच्याबरोबर काम करणारे व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे स्टीफन कॅमराटा स्वतः लहानपणी उशिरा बोललेले. बहिरेपणा, स्वमग्नता, बौद्धिक अडचण की निव्वळ वाढीचा एक टप्पा, हे आधी वेगळे करावे लागते, हा त्यांचा आग्रह. २०१४ च्या त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच तो प्रश्न आहे: लक्षण की टप्पा?