गुंतवणूकदार: कोण, कशात गुंतलेला?

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात स्टार्टअपचा विषय निघाला की पाच मिनिटांत ‘फंडिंग’ आणि ‘इन्व्हेस्टर’ कानावर पडतात. इन्व्हेस्टरला आपण गुंतवणूकदार म्हणतो. गुंतणे, गुंतवणे, गुंतवणूक आणि शेवटी फारसीतून आलेला ‘दार’, अशी या शब्दाची घडण. मराठीत दोरा गुंततो, पाय गुंततो, जीवही गुंततो. जे गुंतलं ते सहजी सुटत नाही.

हा ‘दार’ भागीदारातही आहे. फारसीतला ‘दार’ आणि संस्कृतातला ‘धृ’ धातू मुळात एकाच घरचे. दोन्हींचा अर्थ धरणे, बाळगणे. म्हणजे भागीदार आणि भागधारक हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ नक्कीच. ‘भाग’ येतो ‘भज्’ धातूवरून. वाटून घेणे हा त्याचा एक अर्थ. भक्त आणि भक्तीही त्याच धातूची लेकरं. भांडवलाचं मूळ ‘भाण्ड’. संस्कृतात त्याचा अर्थ भांडं, तसाच व्यापाराचा मालही.

पैसेवाल्याचं जुनं नाव मात्र सावकार. ‘साधू’चा प्राकृतात ‘साहू’ झाला आणि त्यातून हा शब्द घडला, असं मानतात. पण १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं हिसकावून जाळली, तेव्हा या शब्दात साधुत्व फारसं उरलं नव्हतं.

त्याच नगर जिल्ह्यात लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यालाच भागधारक केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते. १९४५ मध्ये बेलापूरला बागाईतदारांची परिषद भरली आणि १९५०–५१ च्या हंगामात प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. शून्यातून साखर कारखाना उभा करायला पाच वर्षं म्हणजे झपाटाच. पण त्यामागे लोणीत १९२३ मध्ये विखे पाटलांनीच काढलेली सहकारी पतपेढी होती. गावोगाव फिरून शेअर विकताना या पाव शतकात कमावलेली पत कामी आली.

कारखान्याच्या पट्ट्यात ‘शेअर’ शब्दाचा संसार कागदापुरता नसतो. सभासदाचा ऊस वेगळा आणि बाहेरून येणारा ‘गेटकेन’ वेगळा. दिवाळीला सवलतीची ‘शेअरची साखर’ घरी येते. शेअर घेणाऱ्याचा ऊस, त्याचा हंगाम, त्याचं पाणी, सगळंच कारखान्यात गुंतलेलं असतं. कारखाना बुडाला तर उभ्या उसाचं काय, ही त्याची खरी चिंता. गुंतवणूकदार शब्द इथे अक्षरशः खरा ठरतो. व्हेंचर कॅपिटलवाल्याचं तसं नाही. आत शिरतानाच ‘एक्झिट’ कधी आणि कितीला, हा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. हा दोष नव्हे, त्याचा धंदाच तो. पण त्याला गुंतलेला म्हणणं मराठीला जड जातं.

तेव्हा सादरीकरणाच्या स्लाइड्स रंगवण्याआधी नव्या उद्योजकाने समोरच्याकडे नीट पाहावं: याचे फक्त पैसे गुंतणार आहेत, की आपल्या मालावाचून याचंही काही अडणार आहे? दुसऱ्या प्रकारचा माणूस भेटला तर आधी त्याला शेअर द्यावा. फंडिंगवाले मागाहूनही येतात.