शेवटच्या जोडप्याची वंशावळ

उजाड होत चाललेली पृथ्वी आणि त्या पडझडीत एकमेकांना धरून राहिलेली दोन माणसे, ही कादंबरीची जुळणी आपल्याला अगदी हल्लीची वाटते. तिचा माग काढत गेलो, तर आपण उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ शहरात, १८०५च्या फेब्रुवारीत येऊन थांबतो. क्रांतीच्या धामधुमीत धर्मोपदेशकाची वस्त्रे उतरवलेल्या, दारिद्र्याने गांजलेल्या ग्रँव्हिल नावाच्या लेखकाने तिथल्या कालव्यात जीव दिला. मागे राहिले ‘शेवटचा माणूस’ या कथेचे हस्तलिखित. ते त्याच वर्षी छापले गेले. त्यात जमिनीचा कस संपला आहे, माणसे निःसंतान झाली आहेत. मूल होऊ शकेल असे एकच जोडपे उरले आहे, युरोपातला ओमेगार आणि ब्राझीलमधली सिदेरी. साक्षात आदिपुरुष आदम ओमेगारला विनवतो, की बाबा रे, तिला सोड, म्हणजे जगाला सुखाने संपता येईल. आज अशा कथांत प्रेम हा आधार असतो. इथे मात्र प्रलय अडला आहे तो प्रेमापायी! १८०६ साली इंग्रजी भाषांतर निघाले, तेही लेखकाचे नाव गाळून.

पुढे १८१५मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६चा युरोपातला उन्हाळाच बुडाला. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मेरी शेलीला तिथे ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुचली. तिची ‘द लास्ट मॅन’ आली ती १८२६मध्ये, पती बुडून गेल्यानंतर चार वर्षांनी. महामारीने ओस पडलेल्या जगात, इसवी सन २१००च्या रोममध्ये, तिचा नायक उरतो तो एका कुत्र्याच्या सोबतीने. जोडपे नाही, विरहच. खगोलशास्त्रज्ञ फ्लामारियाँने १८९४मध्ये जोडपे परत आणले. पाणी आटलेल्या, गारठलेल्या पृथ्वीवरच्या त्याच्या नायकाचे नाव ओमेगारच.

इथवर सृष्टी मोडणारा हात माणसाचा नव्हता. तो दिसतो १८८९मध्ये आणि पुन्हा आमियाँतच, कारण ज्यूल व्हर्न तेव्हा तिथे नगरसेवक होता. त्याच्या ‘सां दसू दसू’ या कादंबरीत अमेरिकन भांडवलदार उत्तर ध्रुवाखालच्या कोळशासाठी प्रचंड तोफ डागून पृथ्वीचा अक्षच सरळ करायला निघतात; ऋतू गेले तर गेले. बेत फसतो तो असा: गणिती मास्टन आकडेमोडीत गढलेला असताना त्याच्यावर जीव जडलेली विधवा इव्हँजेलिना टेलिफोन करते, त्याच क्षणी वीज कोसळते, फळ्यावरचे आकडे पुसले जातात आणि पुन्हा लिहिताना तीन शून्ये गळतात. एका प्रेमळ बाईच्या फोनने हवामान वाचले! शेवटी दोघांचे लग्नही होते. या परंपरेतला हा सर्वांत विनोदी आणि, मला वाटते, सर्वांत द्रष्टा प्रसंग.

विसावे शतक इतके हसरे नव्हते. १९६२मध्ये बॅलर्डने आपल्या कादंबरीत लंडन दलदलीत बुडवले, पण दोष सूर्याला दिला. त्याचा नायक प्रेयसीला मागे ठेवून एकटाच दक्षिणेकडे निघून जातो. ऑक्टेव्हिया बटलरची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ आली १९९३मध्ये. लॉरेन या कृष्णवर्णीय मुलीची ही रोजनिशी सुरू होते २० जुलै २०२४ला, म्हणजे आपण मागे टाकलेल्या एका शनिवारी. कॅलिफोर्नियात पाणी पेट्रोलपेक्षा महाग झाले आहे. अठरा वर्षांची लॉरेन आणि सत्तावन्न वर्षांचा डॉक्टर बँकोल यांची गाठ पडते ती रस्त्यावर, उत्तरेकडे चालणाऱ्या निर्वासितांच्या लोंढ्यात. आदमसारखा अडवणारा इथे कोणी नाही. बँकोलच्या मालकीच्या जमिनीवर पोहोचल्यावर त्यांना घर जळालेले आणि त्याची बहीण मेलेली आढळते. तिथेच मुक्काम करायचे ठरते, आणि गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने ती माणसे ओकची बी पुरतात.