कुक, थिओडोर
(१८३६–१९१०). मुंबई इलाख्यातील सपुष्प वनस्पतींचे वर्गीकरण करणारे आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ. जन्म ट्रॅमोर येथे. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. १८६० मध्ये रेल्वेचे अभियंते म्हणून भारतात आले. १८६५ पासून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (नंतरचे सायन्स कॉलेज) प्राचार्य.

निवृत्तीनंतर त्यांनी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बाँबे’ हा ग्रंथ सिद्ध केला (१९०१–०८). डॅल्झेल व गिब्सन यांच्या ‘बाँबे फ्लोरा’नंतरचा (१८६१) हा सविस्तर ग्रंथ बेंथम-हूकर पद्धतीने मांडलेला आहे (पहा : वनस्पतींचे वर्गीकरण). कुल, प्रजाती व जाती या क्रमाने येणाऱ्या नोंदींत पाने, फुलोरा, फूल व फळ यांचे वर्णन असते. त्यापुढे आढळाची ठिकाणे, संग्राहकांची नावे, फुलण्याचा काळ आणि देशी नावेही येतात. हा तपशील रानात हिंडणाऱ्या अभ्यासकाला विशेष उपयोगी पडतो.

तत्कालीन कुलाबा जिल्हा (आताचा रायगड) या ग्रंथाच्या कक्षेत येतो. खाड्यांतील तिवर, कांदळ यांसारख्या वनस्पतीही त्यात आहेत (पहा : कच्छ वनश्री). भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने ग्रंथाचे पुनर्मुद्रण १९५८ मध्ये केले. रायगड जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची कोठारी व मूर्ती यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली.